बूस्टर काढल्यानंतरची डावी सीट

माझ्या मेव्हण्याने मला फसवलं. माझ्याच गाडीच्या ब्रेकमध्ये फसवलं आणि मलाच शेजारी बसवून गाडी फिरवली.

सुक्या मासळीच्या टोपलीपासून सुरुवात करून मी जव्हारात सिमेंट-पत्र्याचं दुकान उभं केलं. मग गाडी घेतली. विलायती, जवळपास माझ्याच वयाची, नाशिकच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात झाकून ठेवलेली. सौदा इतका लांबला की डॉक्टरीणबाईंनी जेवायला वाढलं. जेवलो आणि पुन्हा कमी करायला सांगितलं.

त्या गाडीच्या ब्रेकला बूस्टर होता. इंजिन चालू असेपर्यंत बूस्टर पायाला मदत करतो. पाय नुसता टेकवला तरी गाडी थांबते. इंजिन बंद केलं की एक-दोनदा ऐकतो, मग पेडल दगड होतं. हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे घाट उतरताना इंजिन बंद करतात. जीपवाले करतात, टेम्पोवाले करतात. गाडी आपसूक खाली जात असताना पेट्रोल जाळायला मी काय संस्थानिक आहे?

सूर्यमाळहून खाली येताना एका वळणावर पेडल दगड झालं. शेजारी बसलेल्या मेव्हण्याने हँडब्रेक ओढला. गाडी एका नाचणीच्या वावरात शिरून उभी राहिली. मागच्या सीटवर माझी बायको होती. घरी आल्यावर बोलली.

"उतारावर इंजिन बंद करणार नाही म्हणा, नाहीतर चालवू नका."

"बूस्टरच काढून टाकतो," मी म्हणालो. "जुन्या काळी कुठे होते बूस्टर?"

"काढाच, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. तो मोखाड्याकडे आश्रमशाळेत शिक्षक. कबड्डी खेळून मांड्या खांबासारख्या झालेल्या.

जव्हारच्या मिस्त्रीने बूस्टर उतरवला आणि पेडलचा दांडा सरळ ब्रेकच्या सिलिंडरला जोडला. मेव्हणा त्याच्याजवळ उभा होता. मी समोर भंगारवाल्याकडे बूस्टर घेऊन गेलो होतो.

"शेठ, हा नुसता पत्रा आहे."

"विलायती पत्रा आहे. तुझ्या बापाने तरी पाहिलाय का?"

परत आलो तर काम झालेलं. बसून पेडल दाबलं. दोन्ही पायांनी उभं राहावं इतकं जड. माझा उजवा गुडघा सिमेंटच्या गोण्या वाहून कामातून गेलेला आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भर बाजारात गाडी केळ्यांच्या हातगाडीला टेकूनच थांबली. बायको उतरली आणि चालत घरी गेली.

"सध्या मी चालवतो, भाऊजी," मेव्हणा म्हणाला.

सध्या म्हणजे तीन पावसाळे. सुट्टीला पाहुणे घेऊन शिरपामाळला जायचं, तो गाडी चालवणार, मी डावीकडे मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. रस्त्यात लोक त्याला म्हणायचे, "गुरुजी, गाडी झकास ठेवलीत."

"सांभाळावी लागते," हा म्हणायचा.

मला विचारायचे, "शेठ, तुम्हाला कुठे सोडायचंय?"

उतारावर तो इंजिन बंद करत नसे. माझं पेट्रोल जळताना मी ऐकत बसायचो.

पुढे ब्रेकचं तेल गळायला लागलं. मेव्हणा शाळेच्या कामात अडकला होता, म्हणून मिस्त्रीकडे मी गेलो. तो गाडीत वाकून म्हणाला, "दांडा अजून खालच्याच होलमध्ये ठेवलाय?"

"मग कुठे पाहिजे?"

"वरच्या. पेडलला दोन होल असतात. बूस्टर काढला की दांडा वर घ्यायचा. पेडल जरा खोल जातं, पण पायाला हलकं होतं."

"मग तेव्हा का नाही घेतलास?"

"विचारलं की. तुम्ही तिकडे भांडत होतात. गुरुजी म्हणाले, राहू दे खालीच."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. मिस्त्रीने हातातलं काम सोडून आधी दांडा वर घेतला. तेल थांबवून गाडी दिली, तशी मी सूर्यमाळला नेली. उतारावर इंजिन बंद केलं. प्रत्येक वळणावर गाडी थांबवून पाहिली. थांबली. म्हणजे बूस्टर काढायचा माझा निर्णय बरोबर होता.

मेव्हण्याला गाठून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "ताईला विचारा."

त्याची ताई म्हणजे माझी बायको. मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. ती हल्ली एसटीने जाते, तो तिचा प्रश्न. मिस्त्रीला "राहू दे खालीच" हे तिने सांगितलं नव्हतं, गॅरेजमध्ये ती नव्हतीच. तो होता. तेव्हा त्यानेच माझ्या ओटीवर यावं, चार पाहुण्यांसमोर बसावं आणि तीन पावसाळे मला डाव्या सीटवर का बसवलं ते सांगावं. ताईचं नाव न घेता.