एका घराची दोन मतं

अव्याच्या लेकीचा, मितालीचा फोन आला तेव्हा मी दुबईत जबल अलीहून कंपनीच्या बसनं घरी येत होतो. "काका, बाबा इज नो मोअर," एवढंच म्हणाली पोर. साइटवरच हार्ट अटॅक. मला खरंच वाटेना. त्याच दिवशी सकाळी लिफ्टपाशी अव्या माझ्याशी भांडला होता... विषय नेहमीचाच, त्याच्या गावच्या घराखालची जमीन. आता दीड महिना होत आला. त्याला सुनवायचे दोन-चार मुद्दे अजून माझ्या डोक्यात तसेच आहेत आणि ऐकायला हा पठ्ठ्या जागेवर नाही. राग येतो मला त्याचा, अगदी खरं सांगतो.

अविनाश म्हणजे अव्या, माझा कॉलेजपासूनचा मित्र. दोघं बरोबरच दुबईला आलो आणि अल मनखूलला एकाच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहिलो. तो सर्व्हेअर. उभा जन्म वाळूत दुसऱ्यांच्या गोदामांच्या हद्दी आखण्यात गेला. मी म्हणायचो, लेका, जगाच्या जमिनी मोजतोस आणि स्वतःच्या नावावर वीतभर नाही. कारण रायगडात खाडीकाठी त्याचं घर होतं ते मिठागराच्या जमिनीवर, आणि ती जमीन केंद्र सरकारची. आजोबा मिठागरात कामाला होते, तेव्हा राहायला मिळालेली जागा. राज्य सरकार म्हणत होतं, जमीन आम्हाला द्या, राहणाऱ्यांची घरं त्यांच्या नावावर करू आणि उरलेल्या जागेत नवी वसाहत उभारू. केंद्र आज हो म्हणे, उद्या बघू म्हणे. गावात दोन तट पडले. इथे दुबईत तर एकाच घरात पडले.

अव्याची बायको, शुभावहिनी, राज्याच्या बाजूच्या. गावच्या घराचं छप्पर गळतंय, तर ते बदलायला दिल्लीची परवानगी लागते, ती येईपर्यंत भिंतीला ओल चढते. अव्याची नोकरी संपायला थोडीच वर्षं राहिली होती. "इथून व्हिसा संपला की निघायचं, तिथून सरकारनं सांगितलं की निघायचं," त्या मला म्हणाल्या होत्या, "मग भावजी, म्हातारपणी आम्ही पाय पसरायचे कुठे?" मी त्यांच्याच पार्टीचा. मंत्रालयात निदान ओळखीचा एखादा माणूस निघतो, दिल्लीत आपल्याला कोण कुत्रं विचारतं?

अव्याचं उत्तर ठरलेलं. तो बांधाचं सांगायचा. उधाणाच्या भरतीला मिठागराचा बांध फुटला की हाळी पडायची आणि घराघरातून माणसं फावडी-घमेली घेऊन धावायची. कुणाच्या बाजूला फुटलाय, हे विचारायची रीतच नव्हती. जमीन कुणा एकाची नाही म्हणून बांध सगळ्यांचा, असं त्याचं गणित. एकदा सातबारा नावावर झाला की जो तो आपल्या कुंपणापुरतं बघणार आणि पहिल्या बिल्डरला विकून मोकळा होणार. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण वहिनींच्या छपरातून पाणी गळत होतं, त्यातही होतंच की.

मागच्या सुट्टीत तो गावी असतानाच बांध फुटला. हा गडी साठीला टेकलेला, तरी फावडं घेऊन धावला. आणि एका तरुण शेजाऱ्यानं दारातूनच विचारलं, "काका, आमच्या बाजूला आहे का तुमच्या?" जमीन अजून दिल्लीचीच होती, बरं का. तरी प्रश्न आलाच. परत आल्यावर अव्यानंच मला हे सांगितलं. त्या सकाळी लिफ्टपाशी मी तेच काढलं. म्हटलं, खलास, तुझा बांध गेला, आता कशाला अडून बसतोस? तर म्हणाला, "चार जण आले होते ना, सुध्या. अजून येतात चार जण."

परवा गावच्या रहिवाशांची मीटिंग होती. दुबईतून वहिनी व्हिडिओ कॉलवर, शेजारी मिताली आणि मी. सरकारला कळवण्याआधी घरटी मत विचारत होते. अव्याच्या घराची पाळी आली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरात दोन मतं आहेत. माझं हो आहे. ह्यांचं नाही."

पलीकडे जरा कुजबुज झाली. मग कुणीतरी अदबीनं म्हणालं, वहिनी, एका घराचं एकच मत धरतोय आपण. मला वाटलं, आता नवऱ्याच्या आठवणीनं नाही म्हणतील. पण छप्पर गळतच होतं. "मग हो धरा," त्या म्हणाल्या आणि कॉल बंद केला.

या विषयावर भांडण झालं की चहा अव्या करायचा. कुणी जिंको, कुणी हरो, तोच उठायचा. आलं इतकं ठेचायचा की घसा जळायचा, आणि पहिला कप वहिनींच्या पुढ्यात ठेवायचा. त्या संध्याकाळी चहाला कुणीच उठलं नाही... शेवटी मिताली म्हणाली, "आई, शाल आय मेक सम टी?"

"थांब जरा," वहिनी अव्याच्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या.