चिंध्या कुठे? पाण्यात!

कोर्पिला गावातल्या कुठल्याही पोराला गाढ झोपेतून उठवून विचारा, "तेलाच्या चिंध्या कुठे?" ते डोळे न उघडता ओरडेल, "पाण्यात!" ही वेइयोची करामत. दर शरदात शाळेची पोरं अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये यायची आणि वेइयो पत्र्याची बादली पुढ्यात ठेवून धडा द्यायचा. जवसाचं तेल सुकताना तापतं. लाकडाला तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून फेकलात की ती ऊब आतच कोंडते, आणि काडी न लावता आग लागते. मग तो चिंध्या बादलीतल्या पाण्यात बुडवायचा, बाहेर काढायचा आणि पहिल्या रांगेच्या डोक्यावर पिळायचा. तेवढ्यासाठी पोरं पहिल्या रांगेत बसायला भांडायची.

वेइयो सुतार. उंच, खांद्यात वाकलेला, जिभेला हाड नाही. दलात आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याची बायको साइमी त्याला भेटली ती याच हॉलमध्ये, शनिवारच्या नाचाला. "माझ्या पायावर पाय दिला आणि वर मलाच म्हणाला, नीट नाच," असं ती अजून सांगते. आमच्या दलात पगारी कुणी नाही. प्रमुख इल्पो दुधाचा टँकर चालवतो, मी शाळेत स्वयंपाक करते. खाली बंब, वर हॉल. लग्नं, नाच, मयतीनंतरची कॉफी, सगळं तिथेच.

त्या वसंतात आम्ही हॉल दुरुस्त करायला काढला. फळ्या कुजल्या होत्या, छत गळत होतं. सगळं गाव राबलं. शेवटी राहिलं जमिनीला तेल देणं, आणि तिथे वेइयो कुणाला फिरकू देईना. "तुम्ही तेल देत नाही, लाकडाला अंघोळ घालता," म्हणाला. "निघा सगळे!"

तोवर त्याला विसर पडू लागला होता. रिकामी किटली चुलीवर चढवायचा, एकाच सकाळी दोनदा टपाल आणायला जायचा. सौनात वाफ घेत बसलो असताना साइमीने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव."

"दाखवीन," ती म्हणाली. "पण हात नाही गं विसरले त्याचे अजून, रायली. हातांना सगळं येतं."

हातांनी जमीन सुरेख केली. शनिवारी संध्याकाळी तो हॉलला कुलूप लावून घरी गेला आणि रविवारी गाव चर्चमध्ये असताना हॉल पेटला. आम्ही पळत आलो, पण बंब खालीच होता. दार उघडेपर्यंत मधला मजला त्याच्यावर कोसळला. आगीशी लढणारी आम्ही माणसं हातात बागेचे पाइप धरून उभी राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

राख निवल्यावर इल्पोला कोपऱ्यात बादली सापडली. आत चिंध्यांचा जळून घट्ट झालेला गोळा होता. बादलीत पाणी असतं तर चिंध्या जळल्या नसत्या. चिंध्या बादलीत टाकायच्या हे हातांना आठवलं, पाणी भरायचं तेवढं राहून गेलं. इल्पोने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

साइमी इल्पोच्या दारात जाऊन रडली. "त्याला कळलं तर तो जगायचा नाही." म्हणून इल्पोने एक रंगारी जन्माला घातला. बाहेरगावचा, दोन दिवस कामाला आलेला, चिंध्या टाकून गेलेला. गावाने तो बिनबोभाट मान्य केला, आणि विसर पडणाऱ्या वेइयोनेही. मला पटलं नव्हतं. इल्पोला मी तोंडावर सांगितलं की ही दया नाही, आपल्याला त्याच्या डोळ्यांत बघायची भीती वाटते. पण वेइयोला सांगायला मीही गेले नाही.

वेइयो रोज रंगाऱ्याला शिव्या घालायचा. "गाढव लेकाचा! माझ्या धड्याला चार वर्षांचं पोर बसवलं असतं तर त्यालाही कळलं असतं!" आम्ही माना डोलवायचो.

मग हिवाळा आला. नवा बंब अजून मिळायचा होता. इम्पी म्हातारी एकटी राहायची, तिच्या धुराड्याने पेट घेतला. आमचा बंब असता तर तिची कॉफी निवायच्या आत आम्ही पोचलो असतो. शहराचा बंब बर्फातून येईपर्यंत घर बसलं होतं. इम्पी दाराशी सापडली, बूट पायात घातलेले.

दफनानंतर वेइयो सगळ्यांसमोर म्हणाला, "तो रंगारी खुनी आहे. आमचा बंब त्याने जाळला, म्हणून इम्पी गेली. मला त्याचं नाव हवंय." साइमी उठून कपबश्या गोळा करू लागली.

पुढच्या शरदात नवा हॉल उभा राहिला. उद्घाटनाला वेइयो म्हणाला, धडा मीच देणार. नाही कोण म्हणणार? साइमीने बादली पाण्याने भरून दाराशी ठेवली. आम्ही वाटाण्याचं सूप वाढण्यात गुंतलो, आणि तेवढ्यात तो स्वयंपाकघरातून दुसरीच, रिकामी बादली उचलून पुढे जाऊन उभा राहिला.

तेल सुकताना तापतं, ऊब कोंडते, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. आवाजही पूर्वीसारखाच खणखणीत. मला तर क्षणभर बरं वाटलं.

"मग चिंध्या कुठे?"

"पाण्यात!" पोरं ओरडली.

त्याने चिंध्या बादलीत टाकल्या, दाबल्या, बाहेर काढल्या आणि पहिल्या रांगेवर धरून पिळल्या. पोरं डोळे मिटून, खांदे आखडून पाण्याची वाट बघत होती. थेंब पडला नाही. त्याने पुन्हा पिळल्या, मनगटं थरथरेपर्यंत. मग वाकून बादलीत पाहिलं. पोरांनी एकेक करून डोळे उघडले.

"साइमी," तो म्हणाला, "तो रंगारी कसा होता गं दिसायला?"

साइमीला खोटं बोलता येत नाही. इतके महिने ती नुसती गप्प राहिली होती. आताही गप्पच राहिली. त्याने इल्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात सुपाचा डाव होता आणि मला तो कुठे ठेवावा कळेना.

"म्हणजे इम्पीसुद्धा," वेइयो म्हणाला.

त्याने बादली उचलली, पोरांच्या मधून वाट काढत नळापाशी गेला, काठोकाठ भरली आणि चिंध्या आत बुडवल्या. मग दोन्ही हात तसेच पाण्यात ठेवून उभा राहिला. साइमी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. आम्ही बाकीचे जागचे हललो नाही.