दसऱ्याचे हार

अदीबा पंखे बसवते, असा बऱ्याच लोकांचा समज आहे आणि मला त्याचा संताप येतो. कारखान्यात जिथं धूळ-धूर उठतो, तिथूनच तो ओढून बाहेर कसा काढायचा, याचे नकाशे ती काढते. मी बद्रीनाथ. वाळूजला माझं पत्राकामाचं शेड आहे. तिच्या नकाशाबरहुकूम धूळ ओढणारी पत्र्याची तोंडं, म्हणजे हुड, आणि त्यांना जोडणारे डक्ट मी बनवतो. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क मी स्वतःकडे घेतला आहे.

ती गंगापूरची. वडील चांदपाशा कापूस पिंजून गाद्या भरायचे. संध्याकाळी घरी आले की भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या आणि पोरं त्यांना हसायची. पुढं पुढं चार पावलं चालले की ते भिंतीला टेकायला लागले. ते हसणं आजही तिला टोचतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. धूळ आधी माणसाच्या नाकात आणि मग छतातून बाहेर, असं असेल तर ती काढली असं म्हणूच नये, ती हाताजवळच पकडली पाहिजे. मालकलोकांना मात्र छतावर गरगरणारा मोठा पंखा हवा असतो, कारण तो रस्त्यावरून दिसतो.

ऋतुराजच्या कारखान्यात पितळी नळांना पॉलिश होतं. फिरत्या चाकाला नळ लावायचा आणि उडणारी काळी भुकटी अंगावर घ्यायची, हे तिथल्या बायकांचं काम. अदीबानं प्रत्येक चाकामागं हुड बसवायला लावला, सगळे हुड एका डक्टला जोडले आणि शेवटी दमदार पंखा लावला. पंखा सुरू झाल्याशिवाय चाकं फिरूच नयेत, अशी जोडणीही तिनं सुचवली होती. "एवढा अविश्वास बरा नाही, मॅडम," असं ऋतुराज हसत म्हणाला आणि जोडणी राहून गेली.

संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला. "तुमचं डिझाइन फेल आहे. बायका खोकून बेजार झाल्यात. नळ घेणारी पार्टी पाहणीला येतेय, मी त्यांना सरळ सांगणार की इंजिनिअरनं फसवलं."

आमच्या धंद्यात असं एकदा पसरलं की पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. पण अदीबानं त्या खोकल्याचीच जास्त धास्ती घेतली. माझ्या शेडमध्ये नकाशा पसरून ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "बद्रीभाऊ, माझं एखादं वळण चुकलं असेल का?" मीही मनात माझेच सांधे तपासत होतो. चोरी केल्यासारखे आम्ही दोघं तिकडे गेलो.

चाकं फिरत होती आणि पंखा बंद होता. "तुमच्याशी बोलता यावं म्हणून आत्ताच बंद केला," ऋतुराज म्हणाला.

हवा किती ओढली जाते ते बघायला अदीबा अगरबत्ती वापरते. ती तिनं पर्समधून काढली आणि न पेटवताच परत ठेवली. समोरच्या हुडच्या वरच्या कडेला झेंडूचा हार बांधलेला होता. वाळून कोळ झालेला, भुकटीनं काळा पडलेला आणि सरळ खाली लोंबणारा. पुढच्या हुडला तसाच, त्याच्या पुढच्यालाही तसाच.

"हे हार कधीचे, द्वारकाबाई?" चाकावरच्या बाईंना तिनं विचारलं.

"दसऱ्याचे. मशीनीची पूजा केली ना, तवा आमीच बांधले. आपल्यासाठी आणलंय म्हनून लई बरं वाटलं व्हतं."

"आणि पंखा?"

द्वारकाबाईंनी ऋतुराजकडे पाहिलं, मग हातातल्या नळाकडे. "पाहुणे आल्यावर लावायचा हाय म्हनले. अजून कोनी आलं नाय."

"लावा पंखा," अदीबा म्हणाली.

पंखा घरघरला. वाळलेल्या पाकळ्या थरथरल्या आणि बघता बघता सगळ्या हुडात खेचल्या गेल्या. नुसता दोरा राहिला, तोही आत ताणलेला. चाकावरून उठणारी भुकटी त्याच्या मागोमाग वळली. द्वारकाबाईंनी तोंडावरचा पदर सोडला आणि त्या बघत राहिल्या.

"वीज काय फुकट येते का?" ऋतुराज म्हणाला. "सगळीकडे असंच चालतं, मॅडम."

मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. वस्तू आणायची, तिच्यापुढं नारळ फोडायचा, फोटो काढायचे, आणि ज्या बायकांसाठी आणली त्यांना खोकत ठेवून दोष नकाशाला द्यायचा. निर्लज्जपणाला काही हद्द असते.

अदीबा रागानं त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "माझ्या अब्बांच्या वेळी असलं काही नव्हतं. तुमच्याकडे आहे, चालू स्थितीत आहे, फक्त बटण दाबायचंय. आणि तुम्ही ते दाबत नाही. यांच्या छातीत काय साठतंय, दिसत नाही तुम्हाला?"

"बरं, आता लावलाय ना? झालं तर," तो म्हणाला.

आम्ही फाटकापर्यंत पोचलो नाही तोच मागची घरघर थांबली. अदीबा तशीच वळली आणि तरातरा कारखान्याकडे निघाली. मी तिच्या मागे. दारात पोचतो तर चाकांचाही आवाज एकेक करून बंद होत होता.

ऋतुराज बटणापाशी उभा होता. बायका आपापल्या चाकामागं हात पुसत उभ्या होत्या. त्यांच्यापुढचे दोरे पुन्हा खाली लोंबत होते.

"काय झालं? काम चालू करा," तो ओरडला.

"करतो की," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोरा आत जाऊ द्या, साहेब."

तो दारातल्या आमच्याकडे बघत राहिला, मग बायकांकडे. कोणी हललं नाही. शेवटी त्यानं बटण दाबलं. दोरा पुरता ताणला जाईपर्यंत द्वारकाबाई थांबल्या आणि मग त्यांनी नळ हातात घेतला.

अदीबा मला म्हणाली, "बद्रीभाऊ, गाडीतून हत्यारं आणा. ती राहिलेली जोडणी करूनच जाऊ."