फुगलेला हात

तुम्ही कधी जिवंतपणी आपल्या साड्या वाटल्या आहेत का? मी वाटल्या आहेत! एक नाही, पाच. हसा, हसा. बाई असत्या तर त्यांनीच हे तुम्हाला जास्त रंगवून सांगितलं असतं.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आता त्या नाहीत.

गोंडपिपरीजवळ आमचं गाव. थोरल्या दिरांना टीबी निघाला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना तपासायला दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. हाताच्या कातडीत बारीकशी सुई टोचली. म्हणाल्या, "यात जंतू नाई, त्याचा जरासा अंश हाये. तीन दिवसांनी पाहाले येतो. चोळू नका."

दुसऱ्या दिवशी माझा हात फुगला. लिंबाएवढा! बरं, बोराएवढा. लालभडक! आणि बाईंचा हात? पाटासारखा सपाट.

झालं! मी अंथरूण धरलं.

"बाई, तुम्ही सुटल्या. माह्या पोरीले आता तुम्हीच पाहा."

"काऊन वं मंदा, असं काऊन बोलतं?"

"हात पाहा ना माहा!"

शेजारणींना बोलावून चार साड्या दिल्या. कोणी नको म्हटलं नाही, हेही मी लक्षात ठेवलं! पाचवी, जांभळी, जरीची, बाईंना दिली. "मी गेल्यावर नेसा," म्हटलं आणि गळा काढला.

दोन दिवस बाईंनी माझं सगळं केलं. विहिरीचं पाणी भरलं, पेज करून पाजली, पाय चेपले. उशाशी बसून वारा घालताना त्या खोकत होत्या. आणि मी काय म्हणावं?

"बाई, तिकडे तोंड करून खोका ना. मले झोप लागून नाई राह्यली."

त्या बिचाऱ्या ओसरीत जाऊन खोकल्या.

सिस्टर आल्या, पट्टीने माझा फुगा मोजला. मी डोळे मिटून विचारलं, "किती दिवस आहेत माझे?"

"उठून बसा आधी! गावात वाघ शिरला तर वनखात्याची टीम कवा निघते?"

"पंजाचा ठसा दाखवला की."

"अंगातही तसंच. एक पेशी जंतूचा तुकडा उचलते, काखेतल्या-मानेतल्या गाठीत नेते, तिथल्या टी-पेशींना, म्हणजे अंगातल्या शिपायांना, दाखवते. लाखोंमधून एखादीलेच तो ठसा ओळखू येते. सोबत दाखवणारीचा हुकूमही भेटला, तरच ती जागी होते. मग एकीच्या अनेक होतात. तुमच्या टी-पेशींची ओळख आधीच झाली हाये. म्हणून सुईतला अंश पाहून धावल्या. हा फुगा म्हणजे त्यांचीच गर्दी."

"म्हणजे मी मरत नाही?"

"आज तर नाई. जंतू कधीतरी अंगात आला, पण बहुतेक झोपून हाये. छातीचा फोटो काढू, लागल्या तर गोळ्या देऊ."

मी टुणकन उठले! आनंदाने बाईंचा हात पुढे ओढला. "आणि यांचा पाहा, सपाट! यांना तर जंतू शिवलाही नाही."

सिस्टरांनी हात पाहिला. मग बाईंच्या गळ्याखालची हाडं पाहिली. त्यांचा आवाज खाली आला.

"बाई, खोकला कवापासून?"

"हाये जरासा. दिवाळीपासून."

"जेवता?"

बाई माझ्याकडे पाहून हसल्या. नवऱ्याचं आजारपण, मग माझं हे नाटक, जेवायला वेळ कुठे होता?

"अंगात ताकदच नसन," सिस्टर म्हणाल्या, "तर टी-पेशी ठसा पाहूनही उठत नाई. सपाट हातावर भरवसा ठेवू नका. उद्याच्या उद्या चंद्रपूरले न्या."

मी खाली मान घातली. बोराएवढ्या फुग्यासाठी मी अख्खा गाव गोळा केला होता, आणि माझ्या उशाशी बसलेलं माणूस दोन दिवस मला दिसलं नव्हतं. माझ्यापेक्षा माझ्या टी-पेशी हुशार!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तीच जांभळी साडी नेसून गाडीत बसल्या. म्हणाल्या, "मंदा, तू मेल्यावर नेसाची होती ना? आता तुया मरणाची वाट कोण पाहते?" आणि त्यांचा डबा मांडीवर घेऊन, मी धडधाकट, त्यांच्या शेजारी बसले.