चार डोळ्यांची ओपॉसम

माझी लेक ब्राझीलच्या जंगलात प्राण्यांचा अभ्यास करते. आज तिनं फोटो पाठवला: हातमोज्यातल्या मुठीत धरलेली करडी ओपॉसम, उंदरासारख्या तोंडाची. मागोमाग तिचा फोन. मी तो स्पीकरवर टाकला.

"आई, डोळ्यांच्या वर दोन पांढरे ठिपके बघ. त्यावरून हिला ओळखायचं. लांबून चार डोळे वाटतात."

हिला कांगारूसारखी पिशवी असते म्हणे. पिल्लं तिच्यात वाढतात, पण एकदा आपापल्या वाटेनं गेली की परतत नाहीत. आई शोधतही नाही. मग चार डोळे काय कामाचे!

"दिसले का ठिपके?"

"दिसले," मी म्हटलं. फोटो मोठा करून मी मघापासून हातमोजा आणि बाही यांच्यामधलं लेकीचं मनगट बघत होते. किती बारीक झालंय.