बाटलीवरच्या तीन टिकल्या

"महागाई नाममात्र," असं मी दालमिलच्या आवारात कच्च्या रिपोर्टातून वाचून दाखवलं आणि डाळ निवडणाऱ्या सगळ्या बायका एकदम हसल्या. मला वाटलं, माझं वाचन रंगलं.

प्रकरण अकोल्याचं. सर्व्हे कंपनीतली नोकरी, बडनेऱ्याहून जाऊन भाव गोळा करायचे. गरीब घरात लागणाऱ्या वस्तूंची एक यादी असते, तिला आम्ही 'बास्केट' म्हणतो. त्याच वस्तूंचे भाव दर महिन्याला त्याच दुकानांतून घ्यायचे. वाढले तेवढी महागाई. मिलमालकाने यंदाची मजुरीवाढ आमच्या रिपोर्टवरून द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे माझा आकडा नाममात्र, तर बायकांची वाढही नाममात्र.

हसू ओसरलं तशा शांताबाई पुढे आल्या. मिलमधल्या सगळ्यांत जुन्या.

"काऊन जी साहेब, तेलाचा भाव कुठून आणला?"

"मेन रोडच्या दुकानातून. एक लिटरचं पाकीट."

"लिटर! आमच्यातल्या कोणाच्या घरी पाह्यलं तुमी लिटर? आमी रोज संध्याकाळी दहा रुपयाचं सुटं तेल घेतो."

"मग दहाचं अजून दहालाच मिळतं ना?"

त्यांनी पिशवीतून तेलाची रिकामी बाटली काढली. तिच्यावर एकाखाली एक तीन टिकल्या चिकटवलेल्या.

"दिवाळीले दहाचं तेल या वरच्या टिकलीले टेकत होतं. संक्रांतीले मधल्या. आता हे खालची पाहा. दुकानदाराशी भांडाले लावल्या होत्या, तुमच्या कामी आल्या."

बावीस वर्षं मी भाव घेतोय. मेन रोडचंच दुकान का? तिथे पंख्याखाली खुर्ची मिळायची, वर चहा. हे कारण लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

पुढचा आठवडाभर मी संध्याकाळी त्या बायकांच्या मागे वस्तीतल्या दुकानांसमोर उभा राहिलो. मोजायला बायकोच्या खोकल्याच्या औषधाचं माप पळवलं. त्याला तेलाचा वास लागला म्हणून घरी बोलणी खाल्ली. तेल, तिखट, चहापत्ती, सगळीकडे तेच. रुपये तेवढेच, माल कमी.

अमरावतीच्या ऑफिसात साहेब तडकले.

"टिकल्या हा काय डेटा आहे?"

"सर, माझ्या खुर्चीपेक्षा बरा आहे."

"मेथड बदलायची नाही. जुन्या रिपोर्टवर सही करा."

"नाही करत. चूक माझी आहे, मीच निस्तरतो."

"क्लायंट जाईल!"

"जाऊ द्या."

माझ्या सहीशिवाय रिपोर्ट जात नव्हता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी नवे भाव टाइप करायला दिले. मिलमालकासमोर मी रिपोर्टच्या शेजारी बाटली ठेवली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. दारातून शांताबाईंचा आवाज आला.

"झालं पाहून? आना मंग इकडे. मले तेल आनाले जायचं हाय."

वाढ मिळाली. मागितली तेवढी नाही, पण नाममात्रही नाही. मला कंपनीने सेमाडोहला धाडलं, पर्यटकांना वाघ दिसला का हे विचारायला. जाण्याआधी भावाच्या कोऱ्या फॉर्मवर, दुकानाच्या नावाखाली, मी स्वतः पट्टीने एक रकाना आखून दिला : 'इथे बसायला खुर्ची मिळते का?'

मिळत असेल, तर दुसरं दुकान शोधावं.