बोथची तलब

राज्यांची फेरमांडणी झाली, आमचं किनवट मुंबई राज्यात गेलं आणि बायकोचं माहेर, बोथ, आंध्रात राहिलं. त्याच साली मी गांजा सोडला. वाटणीचा गलबला थोड्या दिवसांत निवला. माझ्या छातीतला काही निवेना. उगाच धडधड, उगाच धास्ती, हातांना कंप. गोदा आधीच माहेरी निघून गेली होती, ‘चिलीम सुटली की न्यायला या’ असं सांगून. सुटली होती, म्हणून निघालो.

आगगाडीने आदिलाबाद, पुढे मोटारीने नेरडीगोंडा. दोन्ही बाजूंना साग, मधे वेचणीला आलेला कापूस. असल्या वाटेवर लोकांना प्रसन्न वाटतं म्हणे! मला प्रत्येक वळणावर वाटे, आता मोटार उलटते. शेजारची बाई म्हणाली, "बाबू, घामानं भिजून राह्यले, काऊन? ताप हाय का?"

मी हो म्हटलं. ताप सांगायला सोपा असतो.

तिथून बैलगाडीने बोथ. तहसील कचेरीपाशी उतरलो आणि दम घ्यायला पायरीवर टेकलो. चपराशाने मला खालून वर न्याहाळलं.

"तलब हाय का?"

"सोडली हो, केव्हाच सोडली!" मी ओरडलोच.

तो खो खो हसला. इथल्या कचेरीत अजून निजामाच्या काळची उर्दू चालते. तलब (साहेबांचं बोलावणं) आहे का, एवढंच त्याने विचारलं होतं. बोथ ते केवढं! मी पोचायच्या आत हा किस्सा सासऱ्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात पोचला होता.

सासूबाईंनी गरम भाकर आणि पुंटीकूर (अंबाडीची भाजी) वाढली. चव फक्कड, पण अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली. मग चहा आला. बशी खडखडली आणि चहा धोतरावर सांडला.

"जवाईबापू," सासरे म्हणाले, "मागल्या साली आले तवा किती शांत होते तुमी! नशेबिगर असे हात हालते का?"

मागल्या साली मी वाटेतच चिलीम ओढून आलो होतो. ते कसं सांगू?

"मामा, सोडली म्हून तर हालून राह्यले."

"सोडली का वाढवली, दिसून राह्यलं ना! पयले हात थांबू द्या. मंग लेक नेजा."

अशी चीड आली! ओढत होतो तोवर गुणाचा जावई, आणि सोडला तर गांजेकस!

गोदा कवाडापर्यंत आली. हळूच म्हणाली, "मागल्या साली शांत काऊन होते, मले ठाऊक हाय."

"मग सांग ना बापाला!"

"माहं कोन आयकते? पन पुढल्या खेपेले हात थांबलेले असले ना, तर आदी तोंडाचा वास घेईन मी."

परतीच्या मोटारीत मागच्या बाकावरच्या माणसाने चिलीम पेटवली. माझे हात पाहिले आणि कीव येऊन पुढे केली. एक झुरका मारला असता, तर सासऱ्यांनी हसत लेक पाठवली असती. नको म्हटलं आणि हात मांडीखाली दाबून बसलो.

प्रवासाने मन हलकं होतं, असं मला सांगणाऱ्याला एकदा भेटायचं आहे. किनवटला घरी पोचलो, तर किल्ली कुलपात जाईना. आत कुणी असतं तर हाक मारली असती.